तिसऱ्या फळीतला आवाज

शांती,

तुला जाऊन आज सत्तावीस दिवस झाले. गेल्या मंगळवारपासून आपल्या होडीच्या तिसऱ्या फळीतून पुन्हा आवाज यायला लागला आहे.

पहिल्यांदा तो तुझ्या पारसने ऐकला. गोदामातले कापडाचे गठ्ठे हलवताना. संध्याकाळी माझ्या घरी आला आणि म्हणाला, "काका, होडीत उंदीर शिरलाय वाटतं. काहीतरी कुरतडतोय." दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. घोडेगावची पेठ जेवून पेंगत असते, ती आपली वेळ. होडी पालथी होती, वर धूळ, एका कडेला तुझी मीटरपट्टी अजून टेकवलेली. डावीकडून तिसऱ्या फळीला मी कान लावला. करर. थांबलं. मग पुन्हा करर, करर, संथपणे, कुणी दगडी पाटीवर एकच रेघ पुन्हा पुन्हा ओढावी तसं.

उंदीर नव्हता. हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. अकरा वर्षांपूर्वी मीच तो बंद केला होता.

हे वाक्य आज पहिल्यांदा लिहिलं. पारसने तुझ्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. शोकसभेत सगळ्यांनी तुझ्या दानधर्माबद्दल सांगितलं, तुझ्या गोड बोलण्याबद्दल सांगितलं. मी मागच्या खुर्चीवर बसून होतो. मला बोलायला उठवलं तर मी "बरं वाटत नाही" म्हणालो. ही पानं छापायच्या आधी पारसच्या हातात जातील, तो ती भाभींना वाचून दाखवील. ठीक आहे. दाखवू दे.

तुला होडीचं वेड कुठून लागलं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुझे आजोबा मारवाडातून आले, घरात तीन पिढ्या कापडाचा धंदा, आणि तू दुकानामागच्या गोदामात रंधा मारत बसायचास. आधी देवपूजेचे पाट केलेस, मग स्टुलं, मग भाभींसाठी शेवयांचा साचा ठेवायची पेटी. अलिबागला सहलीला गेलात तेव्हा सगळे समुद्रात खेळत होते आणि तू वाळूवर ओढून ठेवलेली होडी कापडाच्या पट्टीने मोजत होतास. आल्या आल्या माझ्या ऑफिसात आलास. पंचायत समितीच्या बांधकाम विभागात मी नकाशे काढायचो. सगळ्यांसमोर तू मला भाऊसाहेब म्हणायचास. त्या दिवशी दार लोटून घेतलंस आणि म्हणालास, "दत्ता, हे कागदावर उतरव. बारा फूट. डिंभे धरणाच्या पाण्यात घालू."

शाळेच्या बांधकामाच्या जुन्या नकाशामागे मी ती होडी काढली. समोरच्या हॉटेलवाल्याला सुगावा लागला तसा तो रोज चहाबरोबर एक टोमणा आणायचा. "शेठ, मारवाडातल्या वाळूत चालवणार का ही?" तू शांतपणे म्हणायचास, "वाळूत चालली तर पहिली तुझ्या दारात आणतो, पावणं."

लाकूड माझ्याकडून आलं. आईचं माहेर त्याच धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा पाणी चढायच्या आधी मामांनी अंगणातला आंबा तोडला आणि त्याचा बुंधा बैलगाडीतून आईकडे पाठवला. बहिणीला शेवटची साडीचोळी म्हणून. तो आमच्या बांधावर तीन वर्षं पडून होता. आईला त्याचं काय करायचं सुचेना आणि कुणाला देववेना. तुझं होडीचं ऐकलं आणि ती म्हणाली, "न्या. पर मला त्यात बसवून मायेरावरनं फिरवा. माज्या आंब्याला बी कळंल, आपलं घर कुठं व्हतं ते."

तीन हिवाळे लागले आपल्याला. दुसऱ्या कुणाबरोबर एकात झालं असतं. पण पावसाळ्याचे चार महिने तू हत्यारांना हात लावायचा नाहीस. त्या दिवसांत जीव फार असतात, चुकून पटाशीखाली येतात. फळी वाकवायला उकळतं पाणी ओतायचं, तेसुद्धा तू आधी गाळून घ्यायचास. मांजरपाटाच्या पट्ट्या फाडून, राळ आणि तेलात भिजवून आपण सांध्यांत ठोकल्या. माझी चिडचिड व्हायची. तुझ्याबरोबर काम करताना जितका वैतागलो तितका आयुष्यात कधी वैतागलो नाही, आणि तितका सुखातही कधी नव्हतो. हे तुला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात डावीकडची तिसरी फळी लावायला घेतली आणि तिच्याखाली पिठासारखा बारीक भुगा दिसला. आंब्याचं लाकूड उघड्यावर पडलं की कीड धरते, त्यात नवल नव्हतं. तू स्टीलचा पेला फळीवर उपडा ठेवून त्याला कान लावलास आणि तुझा चेहरा असा झाला की जणू आत कुणी तुझं नाव घेतलं. मग मला ऐकायला लावलंस. करर, करर. मी म्हणालो, "औषध घालू." तसा आवाज थांबला. तू बोट ओठांवर ठेवलंस.

"बघ, आपण बोललो की ते थांबतात. ऐकतात."

तुझं म्हणणं सरळ होतं. आतल्या अळ्यांचे भुंगे होतील, भोकं पाडून उडून जातील, मग फळी लावू. फार तर एक पावसाळा. रोज सकाळी तू ती फळी गोदामाच्या अंगणात उन्हात ठेवायचास, सावली सरकली की उचलून पुढे न्यायचास, दुपारी तिच्याशेजारी बसायचास. एकदा मी न सांगता आलो तर तू तिच्याशी बोलत होतास. काय बोलत होतास ते ऐकू आलं नाही. तुझे ओठ हलत होते आणि फळी गप्प होती.

पण माझ्या आईला दम्याने धरलं होतं. भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायची. मी घरात पाऊल टाकलं की विचारायची, "झाली का रं व्हडी?" तिच्याकडे एक पावसाळा नव्हता. मी ते तुला सांगितलं. तू म्हणालास, "दुसरी फळी शोधू." दुसरी नव्हती. तेवढ्या लांबीची, तेवढी रुंद, त्या बुंध्यात एवढीच निघाली होती. तू मंचरला, खेडला वखारी पालथ्या घातल्यास. महिना गेला.

मग तू एक दिवस साध्वी महाराजांच्या दर्शनाला मंचरला गेलास. गोदामाची किल्ली माझ्याकडे होती. टोमॅटोवर फवारायचं औषध घरात होतंच, आणि जनावरांना टोचायची एक मोठी सुई. भोकं बारा होती. एकेका भोकात मी औषध सोडत गेलो. मला वाटलं होतं, आवाज लगेच बंद होईल. तसं झालं नाही. आधी तो वाढला. बारा ठिकाणांहून एकदम, घाईघाईने, जणू सगळ्यांना एकाच वेळी दार सापडत नव्हतं. फळी माझ्या मांडीवर होती, मला तो मांडीत जाणवत होता. मग एकेक कमी झाला. शेवटचा एक बराच वेळ टिकला. मी त्याच्या भोकात दुसऱ्यांदा औषध सोडलं.

मेणात भुगा कालवून भोकं बुजवली, वर अळशीचं तेल चोळलं, वास जावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी तू पेला लावलास. इतका वेळ ऐकत राहिलास की रस्त्यावरून घोडेगाव-भीमाशंकर गाडी येऊन गेली तरी तू हललास नाहीस. मग माझ्याकडे न बघता विचारलंस, "गेले?"

मी म्हणालो, "गेले. काल दुपारी भुंगे उडताना पाहिले मी."

"किती?"

"मोजले नाहीत."

तू फळीवरून हात फिरवलास, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि म्हणालास, "हिला रंधा मी एकटा मारतो. तू दोन दिवस येऊ नकोस."

मी गेलो नाही. मला बरंच वाटलं.

होळीनंतर होडी पाण्यात गेली. ट्रॅक्टरवर घालून नेली, हॉटेलवालासुद्धा आला होता, नारळ त्यानेच फोडला. आईला खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. ती नेमकी डाव्या बाजूला बसली आणि तिने त्या फळीवर हात टाकला. तू वल्हं मारत होतास, मी सुकाणू धरलं होतं. पाणी इतकं स्थिर होतं की वल्ह्याचे थेंब पडलेले मोजता येत होते. आईने डोंगराच्या दोन सुळक्यांवर नजर धरली, आणि हाताने आम्हाला डावीकडे, उजवीकडे नेत राहिली. तिला खालचे रस्ते वरून दिसत असावेत तशी.

"थांबा," ती म्हणाली. "हितं उंबरा व्हता."

तू वल्हं उचललंस. होडी थांबली. आणि तळाला खालून काहीतरी लागलं. टक. जरा वेळाने पुन्हा, टक टक. आईने ओटीतून आणलेले तांदूळ पाण्यात सोडले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कोण वाजवतंय रं खालनं?"

मी सांगितलं, बुडालेल्या झाडाचा शेंडा असेल. तू मान वाकवून फळीला कान लावलास, तिथल्या तिथे, भर पाण्यात, आणि तसाच राहिलास. मग सूर्याकडे बघून होडी वळवलीस, कारण दिवस मावळायच्या आत तुला जेवायचं होतं.

आई त्या पावसाळ्यात गेली. जाताना ती समाधानी होती आणि ते समाधान मी तुझ्याशी खोटं बोलून तिला मिळवून दिलं. ते मी केलं नसतं तर? अकरा वर्षं हा प्रश्न मी उलटसुलट करून पाहिलाय. आजही त्या दुपारी मला तेच करावंसं वाटेल, अशी भीती वाटते. पण दुसऱ्या दिवशी तू "गेले?" विचारलंस, तेव्हा खरं सांगता आलं असतं. तू एक दिवस बोलला नसतास. फार तर एक महिना.

त्याऐवजी गावात गोष्ट झाली. शेठने बोलून बोलून किडे घालवले. आईनेच जाण्याआधी चार जणींना सांगितली होती. लोक तुला विचारायचे आणि तू दरवेळी एकच उत्तर द्यायचास, "दत्ता होता तिथं. त्याला विचारा." आणि माझ्याकडे बघायचास. मी म्हणायचो, "हो, गेले आपले आपण." मला वाटायचं, हा तुझा विनय.

दर भाद्रपदात, संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, तू माझ्या दारात यायचास. उपासाने चेहरा उतरलेला, हात जोडलेले. "मिच्छामि दुक्कडम्, दत्ता. वर्षभरात माझ्यामुळे मन दुखलं असेल तर माफ कर." मी म्हणायचो, "अरे, तुझं काय चुकणार?" मग तू जरा जास्तच वेळ तिथे उभा राहायचास. सुमन आतून म्हणायची, "शेठ, बसा की." तू बसायचा नाहीस. एका वर्षी तू विचारलंस, "आणि तुझं काही?" मी हसून म्हणालो, "माझंही तेच. मिच्छामि दुक्कडम्." तू मान डोलावलीस आणि पायऱ्या उतरून गेलास. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तुझी पाठ मला अजून दिसते.

मागच्या भाद्रपदात तू आला नाहीस, मला बोलावणं आलं. पोटात गाठ निघाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, लवकर. तू तयार नव्हतास. भाभींनी दारातच माझा हात धरला आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमचं ऐकतील. तुम्हीच सांगा." पारस पलंगाच्या कडेला बसला होता. तू उशीला टेकून बसला होतास, आईसारखा. मी काही बोलायच्या आत तूच बोललास.

"दत्ता, त्या फळीतले किडे आपण थांबलो म्हणून आपले आपण गेले. खरं ना?"

भाभी माझ्याकडे बघत होत्या. पारस बघत होता. दहा वर्षांचं खोटं, आणि ते मोडायला दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, "खरं."

तू डोळे मिटलेस. "मग थांबू थोडं," म्हणालास.

चार महिने थांबलास. मग दुखणं सहन होईना तेव्हा ऑपरेशन झालं. डॉक्टर पारसला म्हणाले, आधी आला असतात तर काही सांगता आलं असतं. तू वाचला असतास असं ते म्हणाले नाहीत. वाचला नसतास असंही म्हणाले नाहीत. मी या दोन वाक्यांच्या मधे राहतो आहे.

आता मंगळवारनंतरचं सांगतो. मी गोदामातून निघालो तेव्हा भाभींनी तुझी हत्यारांची पेटी माझ्या हातात दिली. "तुम्हालाच द्यायची म्हणाले होते." घरी येऊन उघडली. रंध्याच्या खाली एक पुडी होती, तू दुकानात बांधायचास तशी, दोऱ्याला दोन वेढे आणि एक सरकगाठ. वरचा कागद कॅलेंडरचा, त्याच हिवाळ्यातलं एक पान. आत मांजरपाटाचा तुकडा. त्यात अळ्या होत्या. वाळून तांदळासारख्या झालेल्या. मी मोजल्या. कागदाच्या आतल्या बाजूला तुझं अक्षर होतं.

"जीव १२. दत्ता सांगेल तेव्हा पाण्यात सोडायचे."

सुमन येऊन दिवा लावून गेली.

म्हणजे तुला माहीत होतं. ते दोन दिवस एकट्याने रंधा मारलास तेव्हापासून. मेण निघालं असेल, आतून एकेक काढला असशील, तुझ्या त्या जाड बोटांनी. आईला घेऊन आपण पाण्यावर गेलो तेव्हा माहीत होतं. "त्याला विचारा" म्हणायचास तेव्हा, माझ्या दारात हात जोडून उभा राहायचास तेव्हा. आणि पलंगावरून विचारलंस तेव्हाही. शांती, मला एवढंच कळत नाही. त्या दिवशी तू काय विचारत होतास? मी "खोटं आहे" म्हणालो असतो, तर तू पुण्याला गेला असतास का? की तुझं आधीच ठरलं होतं, आणि जायच्या आधी फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं? रागही येतो तुझा. एकदा तरी कॉलर धरायचीस. इतकी वाट बघतात का कुणाची?

सुमन म्हणते, जुनं लाकूड आहे, तीन वर्षं कोरडं पडलंय, नवी कीड लागली. बरोबर आहे तिचं. पण होडीला अठरा फळ्या आहेत. मी सगळ्यांना पेला लावून पाहिला. बाकीच्या सतरा गप्प आहेत. जिच्यात विष मुरलं होतं, तिच्यातच आवाज आहे.

आज दुपारी मी आणि पारसने होडी अंगणात ओढली. डावी बाजू उन्हाकडे केली. पारस म्हणाला, "काका, औषध मारून टाकू का? माझ्याकडे आहे चांगलं." मी नको म्हणालो. त्याला घरी पाठवलं. मग होडीशेजारी बसलो, पेला लावला, आणि आवाज चालू आहे याची खात्री करून घेतली. पेला बाजूला ठेवला, तोंड फळीजवळ नेलं आणि सांगितलं. सुईचं सांगितलं, औषधाचं, शेवटच्या त्या एकाचं, ज्याला दोनदा दिलं. भुंगे उडताना पाहिले नव्हते हे सांगितलं. पलंगाजवळ "खरं" म्हणालो ते सांगितलं. मिच्छामि दुक्कडम् म्हणालो, आणि या वेळी नुसतं म्हणायचं म्हणून नाही.

मी बोलत होतो तोवर आत सगळं थांबलं होतं.

बोलणं संपलं तरी ते थांबलेलंच राहिलं. मी कान लावून बसलो. ऊन सरकलं, फळीवर माझीच सावली आली, मी होडी हातभर पुढे ढकलली आणि पुन्हा बसलो. भीमाशंकरची गाडी येऊन गेली. मला वाटलं, संपलं. मी पुन्हा मारलं त्यांना, नुसत्या बोलण्याने.

मग आतून आलं. करर.

पुडी माझ्या खिशात आहे. यंदा पाणी खूप खाली गेलंय, आईच्या माहेराचे दगड उघडे पडलेत म्हणतात. पुडी तिथेच सोडायची आहे, उंबरा होता त्या जागी, आणि आपल्याच होडीतून. पण आत कुणी आहे तोवर होडी पाण्यात घालायची नाही. भाभींनी मघाशी दारातून विचारलं, कधी नेणार? मी म्हणालो, हे बाहेर पडले की. फार तर एक पावसाळा.

उद्या सकाळी ऊन अंगणात आलं की मी येतो.

दत्ता